रेण्वीय मोटरवर प्रोजेक्ट: फेरिंगांची अल्कीन घ्यावी की हेमीथायोइंडिगो?

नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोड कॅम्पसवर असा की व्हीएनआयटीत, प्रकाशावर फिरणाऱ्या रेण्वीय मोटरचं सिम्युलेशन करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो.

दोन्ही मोटरींचं तंत्र मुळात सारखं. प्रकाश पडला की दुहेरी बंधाभोवती रेणू वळतो आणि ताणलेल्या अवस्थेत अडकतो. मग उष्णतेने त्याची हेलिक्स, म्हणजे पिळाची दिशा, उलटते, मागे फिरायची वाट बंद होते. हे दोनदा घडलं की एक फेरा पूर्ण. रसायनशास्त्रज्ञ बेन फेरिंगांनी 1999 मध्ये हे अल्कीनवर (कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या रेणूवर) पहिल्यांदा दाखवलं, 2016 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्या मोटरला अतिनील प्रकाश लागत होता. हेन्री डुबे यांच्या गटाची 2015 ची हेमीथायोइंडिगो (इंडिगो रंगाच्या जातकुळीतला रेणू) मोटर मात्र दृश्य प्रकाशावर चालते आणि खोलीच्या तापमानाला सेकंदाला हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते.

वाचून कुणीही दुसरीच निवडेल. कॉम्प्युटरवर मात्र गणित उलटतं.

फेरिंगांच्या दुसऱ्या पिढीतल्या मोटरचा खालचा, न फिरणारा भाग फ्ल्युओरीनसारखा (fluorene, मूलद्रव्य फ्लोरिन नव्हे) सममित घेतला, तर फेऱ्याचे दोन्ही अर्धे एकसारखेच निघतात. एक ट्रान्झिशन स्टेट (वाटेतल्या ऊर्जेच्या अडथळ्याचं टोक) सापडली की काम झालं. हेमीथायोइंडिगोत ती सवलत नाही, चारही अवस्था वेगळ्या काढाव्या लागतात. त्यात तो दाता-ग्राही रंगरेणू (एक भाग इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा) असल्याने डीएफटीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीच्या, बी3एलवायपी या नेहमीच्या सूत्रावर विसंबू नका, त्याचं सुधारित रूप कॅम-बी3एलवायपीही लावून बघा.

थर्मल स्टेपला (उष्णतेच्या पायरीला) साधी डीएफटी पुरते, पण आकड्याला जपा: अडथळ्यात मोलमागे 1 किलोकॅलरीची चूक म्हणजे वेगात पाचपट फरक. तापमानाचंही तसंच. मोलमागे 85 किलोज्यूलचा अडथळा 25 अंशांना सुमारे दीड मिनिटाचं अर्धायुष्य देतो. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांना तेच दहा सेकंदांवर येतं. इनपुटमध्ये तापमान न बदलता राहिलं, तर उत्तर भलत्याच ऋतूचं.

खरी अडचण प्रकाशाच्या पायरीत आहे. उत्तेजित रेणू जिथून खाली येतो, त्या कोनिकल इंटरसेक्शनपाशी (उत्तेजित आणि मूळ अवस्थेच्या ऊर्जा जिथे भिडतात) नेहमीची टीडी-डीएफटी, म्हणजे उत्तेजित अवस्थांसाठीची डीएफटी, फसते. तिथे तिचं स्पिन-फ्लिप रूप किंवा सीएएसएससीएफ (अनेक इलेक्ट्रॉन-रचना एकत्र धरणारी जड पद्धत) हवं. वर सरफेस हॉपिंग (रेणू एका अवस्थेतून दुसरीत कधी उडी मारतो ते पावलापावलाने बघणं) करायचं म्हटलं, तर 0.5 फेम्टोसेकंदाच्या पावलाने एका पिकोसेकंदाला 2000 पावलं, आणि असे शेकडो मार्ग. ओर्का हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, ओपनमोल्कास मुक्त आहे, म्हणजे खोळंबा पैशांचा नाही, मशीनचा.

एकच डेस्कटॉप आणि एकच सेमिस्टर हाताशी असेल, तर माझं मत सरळ आहे: दुसऱ्या पिढीची अल्कीन घ्या, थर्मल स्टेप नीट करा आणि टीडी-डीएफटी शोषण वर्णपटापुरतीच वापरा. क्लस्टरवर खातं असेल आणि गाईडचा सीएएसएससीएफवर हात बसलेला असेल, तर हेमीथायोइंडिगो जरूर घ्या, तिथे नवं सांगण्यासारखं जास्त आहे.

कुठलीही घ्या, ट्रान्झिशन स्टेटला एकच इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी (अडथळ्याच्या टोकाची खूण असलेलं कंपन) आली म्हणून लगेच खूश होऊ नका. ती ॲनिमेट करून बघा. नुसता मिथाइल गट गरगरत असेल, तर जॉब परत टाका.