परत आलेला बँजो

बँजो विकायला काढला आणि फसलो. खरं तर तो विकला गेलाच नाही. वाद्य आठवड्यात परत आलं, मी घेणाऱ्याचे पैसे परत केले, दोघांनी एकमेकांचे आभार मानले. गेली ती फक्त आतली काशाची रिंग, आणि ते मला पाच महिन्यांनी कळलं.

जुन्या बँजोच्या नादी न लागलेल्यांसाठी थोडं सांगतो. (चाव्यांचा बेंजो नव्हे, हा पाच तारांचा, गोल पोटाचा.) गिब्सन या अमेरिकन कंपनीने मास्टरटोन हा बँजो १९२५ मध्ये आणला. त्या काळी नाचाच्या बँडमध्ये चार तारांचा टेनर चालायचा, म्हणून कारखान्यातून बाहेर पडले ते बहुतेक टेनरच. पुढे १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक ब्लूग्रास गायक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला. त्याचं तीन बोटांचं वाजवणं ऐकून लोक पाच तारांमागे लागले आणि जुन्या टेनरना नव्या पाच-तारी नेक (तारांची लांब दांडी) बसू लागल्या. माझा त्यातलाच. नेक नवी, बाकी सगळं १९३० च्या दशकातलं. हे मी कधी लपवलं नाही. अशा वाद्याची किंमत नेकमध्ये नसतेच, ती असते हेडखाली, म्हणजे पोटावर ताणलेल्या पडद्याखाली, लाकडी रिमवर (पोटाच्या गोल चौकटीवर) बसलेल्या काशाच्या टोन रिंगमध्ये. माझी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची फ्लॅटहेड प्रकारची होती, वीस भोकांची. जाणकार अशी सुटी रिंग मिळाली तरी हातातलं काम टाकून धावतात.

घेणारा असाच जाणकार. दोन आठवडे आमचं बोलणं चाललं होतं. रिंग रिमवर घट्ट बसते की हलते? वजन किती? हेड शेवटचं कधी बदललं? भोकं वीसच ना, मोजलीत? मला कौतुक वाटलं. इतक्या बारकाईने विचारणाऱ्याच्या हाती वाद्य सुखात राहील, असं मी घरात बोलूनही दाखवलं. आता कळतं, तो माप घेत होता. बाहेरून तशीच दिसणारी दुसरी रिंग त्याला शोधायची होती.

तीन दिवस वाजवून पाहायचं, पटलं नाही तर परत, ही अट मीच घातली होती. आपल्यात ती रीतच आहे. जुनं वाद्य फोटो पाहून कोण घेणार? तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, फार नम्र: "दादा, वाद्य अप्रतिम आहे, पण माझ्या हाताला नेक जाड वाटते." पेटी परत आली. नेकवरचं शिंपल्याचं नक्षीकाम पाहिलं, रेझोनेटरची पाठ पाहिली, कुठे ओरखडा नाही. पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. हेड सैल होतं. विचारलं तर म्हणाला, प्रवासासाठी तारा उतरवल्या ना, म्हणून. अहो, तारा उतरवायला खुंट्या फिरवतात. हेड सैल करायचं तर चोवीस हुकांचे चोवीस नट पाना लावून सोडवावे लागतात. हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली, नट आवळले आणि वाजवायला बसलो. आवाज पातळ वाटला. दोष हवेला दिला, मग ब्रिजला, मग स्वतःच्या बोटांना.

पाच महिन्यांनी हेड बदलायला घेतलं. हेड दाबून धरणारं कडं काढलं, हेड उचललं आणि रिंग सहज हातात आली. माझी रिंग कधीच अशी निघाली नव्हती, अंगठ्यांनी चहूकडून रेटावी लागायची. लाकडी रिमवर एका बाजूला पारदर्शक चिकटपट्टीचे दोन वेढे होते, ढिली रिंग घट्ट बसावी म्हणून दिलेले. रिंगच्या आतल्या अंगाला लेथच्या ताज्या बारीक रेघा. माझ्या रिंगचं आतलं अंग काळपट, हिरवट झालं होतं.

त्याला विचारलं. उत्तर लगेच आलं: "आली तशीच पाठवली. आतला फोटो आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. एकूण बत्तीस फोटो काढले होते मी. खुंट्यांचा, नक्षीचा, पेटीच्या मखमलीचासुद्धा. हेड काढून एकही नाही. रिमच्या आतला कारखान्याचा नंबर तेवढा टिपला होता, पण रिम माझीच होती, तिच्याबद्दल वाद नव्हताच. तक्रार कुठे करणार आणि दाखवणार काय? नंतर त्याने माझे निरोप घेणंच बंद केलं.

आता कुणी जुना बँजो चाचणीला पाठवत असेल तर मी त्याला आधी हेड काढायला लावतो. रिंग तराजूवर ठेवून आकडा दिसेल असा फोटो, आतल्या अंगाचा फोटो, रिंग आणि रिमचा नंबर एकाच चौकटीत. मग दोन-तीन नटांवर नखपॉलिशचा ठिपका, अर्धा नटावर, अर्धा हुकावर. नट फिरला की ठिपका तुटतो. तीन दिवस वाजवायला आहेत, खोलायला नाहीत, हे लिहून घ्यायचं. आणि परत आल्यावर आत पाहिल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी. खऱ्या शौकिनाला याचा राग येत नाही. उलट तो स्वतःच वजन विचारतो. (माझ्या माणसानेही विचारलं होतं, ते वेगळं.)

माझ्या रिंगला एक खूण आहे. पूर्वीच्या कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर निसटला होता. आतल्या बाजूने एका भोकाच्या डावीकडे अर्ध्या नखाएवढा तिरका ओरखडा आहे, टोकाला खोल होत गेलेला. सुटी जुनी फ्लॅटहेड रिंग कुणाला दाखवायला आणली, तर ती उलटी करून तेवढं बघा.