एमएक्स-५ च्या १.६ ला १.८ चं टॉर्सन डिफरन्शियल: सात-आठ महिने वापरल्यानंतर

माझ्या माझदा एमएक्स-५ च्या मागून आधी नुसता कट-कट आवाज यायचा, तो आठवडाभरात खटॅक-खटॅक झाला तेव्हाच कळलं की जुन्या डिफचा (डिफरन्शियल, इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरसंच) निकाल लागला. खालचा प्लग काढला तर चुंबकावर नेहमीचा करडा चिखल आणि त्यात क्राऊनच्या, म्हणजे डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दाताचा नखाएवढा तुकडा. १९९१ ची गाडी, १.६ लिटरचं इंजिन, इथलीच ब्रिटिश, साधं ओपन डिफ, म्हणजे घसरणारं चाक न रोखणारं. टर्बो नाही, ट्रॅकवर कधी गेलेली नाही. फोरमवाल्यांचं ते ठरलेलं वाक्य असतं ना, "स्टॉक पॉवरला छोटं डिफ आयुष्यभर जातं", ते मी आता ऐकून घेणार नाही. तीस वर्षं जुन्या स्टीलला आयुष्यभर म्हणजे किती हे कोणीच सांगत नाही.

१.६ चा क्राऊन ६ इंची आणि १.८ चा ७ इंची हे तुम्हाला माहीतच आहे. एक इंच ऐकायला काहीच वाटत नाही, पण दोन्ही हौसिंग गॅरेजच्या फरशीवर शेजारी ठेवून बघा, १.६ चं खेळण्यातलं वाटतं. १९८९ ला गाडी आली तेव्हा ११५ च्या आसपास घोडे होते, १९९४ च्या मॉडेलपासून १.८ आलं आणि १३० च्या आसपास गेलं, म्हणजे वाढ फक्त पंधरा-एक घोड्यांची, तरी माझदाने क्राऊन, हाफशाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे), प्रॉपशाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्याचा) फ्लँज सगळं मोठं केलं. आधीचं अगदी काठावर होतं असा मी तरी त्याचा अर्थ लावतो. आणि हे फक्त माझदाचं नाही. बीएमडब्ल्यू ई३० मध्ये ३१६-३१८ ला १६८ मिमीचं छोटं डिफ आणि ३२५ ला १८८ चं. एमजीबीच्या चार सिलिंडरला ३.९ चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे फेरे किती, तो आकडा) आणि व्ही८ ला ३.०७. इंजिनला दम जास्त असला की डिफ मोठं लागतं आणि रेशो लांब (लहान आकड्याचा) चालतो, दम कमी असेल तर आखूड (मोठ्या आकड्याचा) रेशो देऊन ती कसर भरून काढतात. म्हणूनच १.६ ला ४.३० आणि १.८ ला ४.१०.

आता खरेदीचं. नुसतं १.८ चं डिफ उचलून आणलं तर ते १.६ ला लागत नाही. डिफ, दोन्ही हाफशाफ्ट आणि प्रॉपशाफ्ट, हा सगळा सेट एकाच गाडीचा घ्या. हाफशाफ्टचं बाहेरचं टोक १.६ च्या हबमध्ये आरामात बसतं, तिकडे काही त्रास नाही. सुटं-सुटं घेतलं की तीन दुकानदार तीनदा कापतात. मला ब्रेकरकडे (जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्याकडे) अपघातातल्या १.८ चा पूर्ण सेट मिळाला, रिकंडिशन केलेल्या छोट्या डिफच्या भावात, मग परत छोटं कोण घेणार. प्रत्येक १.८ मध्ये टॉर्सन (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफ) नसतं हे मात्र लक्षात ठेवा. आणि रेशो विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर घेऊ नका, दोन्ही आउटपुट (चाकांकडची टोकं) एकत्र १० फेरे फिरवले आणि पिनियन (प्रॉपशाफ्टकडचं टोक) ४१ फिरलं तर ४.१०, ४३ फिरलं तर ४.३०. पाच मिनिटांचं काम आहे, तिथेच उभं राहून करा.

बसवायला एका गॅरेजला दिलं, नाव लिहीत नाही. गाडी हातात आली आणि पन्नास मैलांच्या वर गेलं की सीटखाली बारीक थरथर, शिवाय गिअर लिव्हर आधीपेक्षा अडखळायचा. परत नेली तर म्हणे जुन्या गाड्या अशाच असतात. दुसऱ्यांदा नेली तर टायर बॅलन्सिंगचे पैसे लावले, थरथर जशीच्या तशी! शेवटी शेफील्डमधल्याच एका जुन्या मेकॅनिककाकांनी गाडी वर घेतली आणि खालून बघताच पीपीएफवर बोट ठेवलं. गिअरबॉक्स आणि डिफ जोडणारी ती लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, डिफ काढताना ती सैल करावीच लागते, आणि परत आवळताना गिअरबॉक्सखाली जॅक लावून उंची मोजून सेट करावी लागते, नाहीतर प्रॉपशाफ्टचा कोन बिघडतो. आधीच्यांनी जसं लोंबत होतं तसंच आवळून टाकलं होतं. काकांनी बोल्ट सैल केले, जॅक जरासा वर घेतला, मापलं, आवळलं. थरथर तिथल्या तिथे गायब. ज्या माणसाला पीपीएफची उंची माहीत नाही त्याने या गाडीखाली शिरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि काम देण्याआधी हा एकच प्रश्न विचारून बघा, समोरच्याचा चेहराच सांगेल.

टॉर्सनबद्दल किती लिहू! ओल्या राउंडअबाउटवरून निघताना आतलं चाक नुसतं फिरत राहायचं ते पूर्ण बंद झालं. स्नेक पासच्या घाटरस्त्यावर पावसात वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडी मागून खाली बसते आणि सरळ ढकलते. जपानवरून आलेल्या १.६ मध्ये व्हिस्कस एलएसडी (सिलिकॉन द्रवाच्या जोरावर चाकाचं घसरणं रोखणारं डिफ) असतं, पण ते आधी चाक घसरल्यावर जागं होतं आणि इतक्या वर्षांत आतलं सिलिकॉन बहुतेकांचं थकलेलं असतं. टॉर्सनमध्ये सगळा खेळ गिअरच्या घर्षणाचा, वाट बघणं नाही. एकच, एक चाक पूर्ण हवेत गेलं तर ते ओपनसारखंच वागतं, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

४.१० बद्दल मात्र माझं मत मधेच बदललं. पहिल्या महिन्यात मी वैतागलो होतो, कारण प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर साडेचार टक्क्यांहून जास्त कमी झाला आणि १.६ कडे मुळात उधळायला काही नाही, चढावर दुसऱ्यात गाडी सुस्त वाटायची. मग एम१ मोटरवेवर लांबचे प्रवास सुरू झाले. पाचव्यात सत्तरला आधी ३६०० च्या आसपास आरपीएम, आता ३४५० च्या. छत कापडाचं असलं की हे दीडशे कमी झालेले कानाला लगेच कळतात. शिवाय सात हजारांना दुसरा गिअर आधी अठ्ठावन्न मैलांना संपायचा, आता एकसष्टपर्यंत जातो, म्हणजे साठ गाठायला तिसरा टाकावा लागत नाही. आता मला ४.३० परत नको. ज्यांना ती चपळाई हवीच आहे त्यांनी जपानच्या १.८ सिरीज २ रोडस्टरचं डिफ शोधावं, ७ इंची आणि ४.३० दोन्ही एकत्र, पण मला सांगितलेली किंमत ऐकून मी फोन ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती, स्पीडोमीटर! याबद्दल कोणीही नीट सांगत नाही. काट्याला फिरणं मिळतं गिअरबॉक्सच्या आउटपुटवरून, डिफच्या आधी. रेशो ४.३० चा ४.१० केला की त्याच वेगाला तो शाफ्ट हळू फिरतो आणि काटा ४.६५ टक्के कमी दाखवतो. माझा काटा आधी जीपीएसवर सत्तर असताना त्र्याहत्तर दाखवायचा, आता सत्तरच्या जराशी खाली. कोणी म्हणेल की बरंच झालं, अचूक झाला. नाही झालं! ब्रिटनमध्ये काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही, आणि कॅमेऱ्याला तुमचं डिफ कुठलं याच्याशी काही घेणं नाही. त्याहून त्रास ओडोमीटरचा. खरे शंभर मैल गेलो की नोंद पंच्याण्णवची. मी प्रत्येक टाकीचं मायलेज वहीत लिहितो, त्यामुळे हे मला बोचतं. आरपीएम कमी होऊनही गॅलनला ३४ च दिसतात, म्हणजे खरे साडेपस्तीसच्या वर, पण वहीतला आधीचा कुठलाच आकडा आता ताज्या आकड्याशी जुळत नाही. दर वर्षी एमओटीला (गाडीच्या सक्तीच्या तपासणीला) मैल नोंदवले जातात, तिथेही हाच कमी आकडा जाणार, आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला हे सांगणं मला भागच आहे. उपाय आहे एक छोटासा प्लास्टिकचा गिअर, केबल गिअरबॉक्सला जाते तिथला, १.८ चा काढून १.६ ला लावायचा. माझ्या ब्रेकरने गिअरबॉक्स आधीच दुसऱ्याला विकला होता आणि गिअर त्याच्याबरोबर गेला. म्हणून परत सांगतो, सेट घेताना तो गिअर तिथेच मागून घ्या.

बाकी किरकोळ. तेल ७५डब्ल्यू-९० जीएल-५, छोट्याला ०.६५ लिटर लागायचं, याला पूर्ण १ लिटर, जुन्या हिशोबाने भराल तर कमी पडेल. वरचा भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा उघडू नका. विमा कंपनीला कळवा, मला थोडं शुल्क पडलं पण ते परवडतं. आणि इथे कोणाकडे ४.१० वाल्या गाडीचा स्पीडो गिअर पडून असेल तर सांगा, टपालखर्च माझा, योग्य किंमत देईन.