हाफ-टन पिकअपला जुना गूजनेक हिच: हौद्यावरचा की हौद्याखालचा?

हाफ-टन पिकअपला (मोठ्या पिकअपमधला सर्वात हलका वर्ग) वापरलेला गूजनेक हिच, म्हणजे ट्रेलरची वाकडी मान हौद्यातल्या गोल बॉलवर अडकवणारी जोडणी, बसवायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे जुन्या बाजारात मुख्यतः दोन प्रकार येतात. एकात हौद्याच्या तळावर जाड पोलादी प्लेट बोल्टांनी आवळलेली असते आणि तिच्यावर बॉल उभा राहतो. दुसऱ्यात सगळा सांगाडा हौद्याखाली चॅसीला जोडलेला असतो आणि तळात बॉलपुरते सुमारे चार इंचांचे भोक तेवढे दिसते. टेक्सासमध्ये वेको आणि टेम्पल यांच्या मधल्या पट्ट्यात आमची थोडी जमीन आणि काही गुरे आहेत. तिथे मी पहिला प्रकार तीन वर्षे वापरला आणि दुसरा आता पाच वर्षे वापरतो आहे. दोन्ही जुनेच घेतले होते, आणि गाडीही तीच, शेवरोले सिल्व्हराडो १५००.

निवडीआधी भाराचा हिशेब करावा, कारण तो दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे. बैलगाडीत माल मागे गेला की ती उलार होते, तसे ट्रेलरचे होऊ नये म्हणून गूजनेकमध्ये त्याच्या एकूण वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग मुद्दाम बॉलवर घेतला जातो. मागच्या बंपराखालच्या हिचवर हेच प्रमाण १० ते १५ टक्के असते. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे माणसे आणि सामान मिळून १,९४० पौंड चालतात. त्यातून आम्हा दोघांचे ३१०, हिचचे १४० आणि अवजारांचे ६० पौंड वजा केले की १,४३० उरतात. भरलेला ट्रेलर ६,५०० पौंडांचा असेल, तर बॉलवर १,३०० पासून १,६२५ पर्यंत भार येऊ शकतो, म्हणजे वरच्या टोकाला गाडीची मर्यादा ओलांडली जाते. गुरे नेण्याचा माझा १६ फुटी स्टॉक ट्रेलर मी म्हणूनच ५,५०० पौंडांपलीकडे भरत नाही. हिचवर कोरलेला आकडा कितीही मोठा असो, हाफ-टन गाडीत बंधन पडते ते या पट्टीचे. ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर एकदा दोन्ही एक्सलचे वजन करून घ्यावे, एवढा माझा आग्रह आहे.

ओढण्याच्या बाबतीत मला दोघांत फारसा फरक जाणवला नाही. आय-३५ महामार्गावर बाजूने मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर दोन्ही हिचांवर सारखाच शांत राहिला. खर्चात हौद्यावरची प्लेट स्वस्त पडते आणि बसवायलाही सोपी आहे. मित्राच्या मदतीने आम्ही ती एका दुपारी बसवली होती. मात्र बॉल मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे यायला हवा. तो मागे गेला की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलके पडते. जुन्या प्लेटला आधीच्या मालकाने त्याच्या गाडीच्या मापाने भोके पाडलेली असतात, आणि ती वापरण्याच्या मोहात बॉल मागे सरकण्याची शक्यता असते.

तरीही मी प्लेट काढली, आणि कारण सांगायला साधेच आहे: फावडे. आमच्या हौद्यातून दर आठवड्याला शेणखत, ओला पेंढा नाहीतर वाळू काढावी लागते. सपाट तळावर फावडे मागून पुढे एका झटक्यात सरकते. प्लेट असली की ते तिच्या कडेला अडते, उचलून पुढे ठेवले की बोल्टाच्या डोक्याला अडते, आणि प्रत्येक वेळी तो धक्का मनगटात येतो. प्लेटच्या चारी बाजूंनी उरलेले खत शेवटी हाताने खरवडावे लागते. आठ फुटी प्लायवूडही सपाट बसत नाही, पण ते मी सहन केले असते. दुसऱ्या पावसाळी हंगामानंतर प्लेट उचलून पाहिली, तेव्हा तिच्याखाली कुजलेल्या गवताचा बोटभर थर होता आणि हौद्याचा रंग जाऊन पत्रा तांबूस झाला होता. सहा महिने आधी उचलली असती तर पत्रा वाचला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

हौद्याखालच्या प्रकारात बॉल काढून उलटा करून त्याच खाचेत ठेवता येतो आणि तळ जवळपास सपाट होतो. पण जुना घेताना खरी अडचण ब्रॅकेटची, म्हणजे हिच चॅसीला जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांची येते. मला मिळालेला हिच एका थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे एक वर्ग जड गाडीवरून उतरवलेला होता. मधला भाग उत्तम होता, पण बाजूच्या ब्रॅकेटची भोके माझ्या चॅसीच्या भोकांशी अर्ध्या इंचाने जुळत नव्हती. विकणाऱ्याने भोके वाढवून किंवा वेल्डिंग करून काम भागेल असे सुचवले. चॅसीवर मनाने भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे मला धोक्याचे वाटते, म्हणून मी माझ्या मॉडेलचे नवे ब्रॅकेट आणि नवे बोल्ट मागवले. त्यामुळे स्वस्ताईचा बराचसा भाग गेला. शिवाय स्टेपनी उतरवणे, सायलेन्सरचा हँगर सोडणे आणि तळाला होल-सॉने (गोल करवतीने) भोक पाडणे यांत शनिवार-रविवार दोन्ही दिवस गाडीखाली गेले, आणि प्लेटची जुनी भोके बुजवण्याचे काम वेगळेच.

ज्यांच्या हौद्यात सुटा माल पडतच नाही, किंवा जे वर्षातून चार वेळाच ट्रेलर जोडतात, त्यांनी प्लेट घेतली तर ती चुकीची निवड म्हणता येणार नाही. फक्त ती वर्षातून एकदा तरी उचलून खाली पाहावे. पण गाडी रोज शेतकामाला लागत असेल, तर मी हौद्याखालचाच हिच घ्या म्हणेन. माझ्या त्या दोन दिवसांची भरपाई पहिल्याच हिवाळ्यात झाली.

पाहायला जाल तेव्हा हिचवरची कंपनीची आणि क्षमतेची पट्टी शाबूत आहे का ते आधी बघा, कारण तिच्याशिवाय कोणते ब्रॅकेट लागतील हे ठरवणे अवघड जाते. बोल्टांच्या डोक्यावर सहा रेघा म्हणजे ग्रेड ८ आणि तीन म्हणजे ग्रेड ५. पण जुने बोल्ट सहा रेघांचे असले तरी ते परत वापरू नका. भोके लांबट झालेली नाहीत ना, हे बोट फिरवून तपासा. ट्रेलरची सुरक्षा साखळी अडकवायच्या कड्यांखालच्या स्प्रिंगा बहुधा गंजलेल्या असतात. त्या बदलता येतात, म्हणून तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. शेवटी चाकाजवळचे हँडल ओढून बॉल तीन-चार वेळा उलटासुलटा करून बसवून पाहा. हँडल सोडल्यावर बॉल अडकवून धरणारी पिन आपोआप आत गेली पाहिजे. ती हातोडीने ठोकावी लागत असेल, तर खाचेत नुसता चिखल साचला आहे की पिनच वाकली आहे, हे टॉर्च लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.