आरटीसीवेक : संगणकाला ठरलेल्या वेळी उठवणारी एक छोटी आज्ञा

संगणक झोपवणे कोणालाही जमते. लॅपटॉपचे झाकण मिटले की काम झाले. खरी अडचण असते ती कोणी कळ न दाबता त्याला ठरलेल्या वेळी उठवण्याची. मध्यरात्रीनंतर बॅकअप घ्यायचा आहे, पण तेवढ्यासाठी यंत्र रात्रभर जागे ठेवायचे नाही, अशी ज्यांची गरज आहे त्यांच्यासाठी लिनक्सवर आरटीसीवेक नावाची आज्ञा आहे. युटिल-लिनक्स या मूलभूत संचाबरोबर ती येत असल्यामुळे सहसा वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. मात्र ती चालवायला रूटचे, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचे, अधिकार लागतात.

आरटीसीवेक ज्याच्यावर विसंबते ते घड्याळ मदरबोर्डवरच असते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाच्या चिपच्या रूपाने ते आले आणि त्या चिपमध्ये गजराची सोयही होती. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक आणि नाण्याएवढी बॅटरी एवढ्यावर ते चालते, म्हणून प्रोसेसर पूर्ण थांबला तरी त्याचे काम थांबत नाही. आरटीसीवेक या घड्याळात गजर लावते आणि मग यंत्राला झोपायला सांगते. किती सेकंदांनी उठायचे हे सांगता येते किंवा नेमकी तारीख आणि वेळही देता येते.

झोपेचे प्रकार निवडता येतात, आणि इथे वापरणाऱ्याने थोडे लक्ष द्यावे. ‘मेम’ प्रकारात फक्त मेमरीला वीज मिळत राहते; १९९६ मध्ये जाहीर झालेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या प्रमाणकातील एस-३ ही अवस्था ती हीच. ‘डिस्क’ म्हणजे हायबरनेट (मेमरीतले सारे डिस्कवर उतरवून झोपणे), ‘ऑफ’ म्हणजे संगणक बंदच करणे. ‘नो’ प्रकारात गजर लागतो, पण यंत्र जागेच राहते. मला सर्वांत आवडलेला प्रकार मात्र ‘ऑन’ आहे. त्यात संगणक झोपत नाही, झोपते ती केवळ आरटीसीवेकची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला तो प्रोग्राम : घड्याळाच्या फाइलमधून वाचण्यासाठी ती थांबते आणि गजराचा इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) येईपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिला उठवत नाही. गजर खरोखर वाजतो का, हे यंत्र न झोपवता तपासण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

थ्रेडची (प्रोसेसमधल्या कामाच्या एका धाग्याची) झोप आणि यंत्राची झोप एकमेकींत मिसळतात तेव्हा मात्र या साधनाच्या बाहेरचेही समजून घ्यावे लागते. सस्पेंड होण्यापूर्वी, म्हणजे यंत्र झोपण्यापूर्वी, कर्नल वापरकर्त्याच्या सर्व प्रोसेस गोठवतो आणि त्यासाठी मूळ मांडणीनुसार २० सेकंद वाट पाहतो. एखादा थ्रेड, समजा, तुटलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट पाहत अडकला असेल आणि तेवढ्या वेळात गोठला नाही, तर झोपण्याचा बेत रद्द होतो आणि यंत्र जागेच राहते. हा दोष आरटीसीवेकचा नव्हे, पण सकाळी गरम झालेले यंत्र पाहणाऱ्याला तो तिचाच वाटतो. दुसरी गोष्ट वेळेच्या हिशोबाची आहे. एखाद्या स्क्रिप्टने ‘स्लीप’ आज्ञेने आठ तास थांबायचे ठरवले आणि मध्ये संगणक तीन तास झोपला, तर स्क्रिप्ट अकरा तासांनी जागी होते, कारण लिनक्सवर ही मोजणी ज्या मोनोटॉनिक (कधी मागे न जाणाऱ्या) घड्याळावर होते ते सस्पेंडच्या काळात पुढे सरकत नाही. झोपेचा वेळही धरणारे ‘बूटटाइम’ घड्याळ २०११ मध्ये कर्नलमध्ये आले. पुढे २०१८ मध्ये मोनोटॉनिक घड्याळालाही तसेच वागवण्याचा बदल करून पाहिला गेला, परंतु जुने प्रोग्राम बिघडू लागल्याने तो मागे घ्यावा लागला. तेव्हा सस्पेंड होणाऱ्या यंत्रावर लांबलचक ‘स्लीप’ लावण्याऐवजी गजरावर उठवून मग काम सुरू करणे हेच शहाणपणाचे.

आरटीसीवेकबद्दलची माझी मोठी तक्रार सुरक्षेविषयी आहे. ‘मेम’ निवडल्यावर ही आज्ञा कर्नलच्या फाइलमध्ये थेट लिहून यंत्र झोपवते. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला ती विचारतच नाही. परिणामी झोपण्यापूर्वी पडदा कुलूपबंद करणारी व्यवस्था, झोपेच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट, ‘आत्ता झोपवू नका’ असे सांगणारे प्रोग्राम, या सगळ्यांना ती बगल देते. घरातल्या डेस्कटॉपला याने फारसे बिघडत नाही, पण कार्यालयातला लॅपटॉप पहाटे स्वतःहून उठून उघड्या पडद्यासह बसून राहणे मला मान्य नाही. उपाय सोपा आहे : आरटीसीवेकला ‘नो’ प्रकारात फक्त गजर लावू द्यावा आणि झोपवण्याचे काम सिस्टिमडीच्या ‘सिस्टिमसीटीएल सस्पेंड’ या आज्ञेकडे सोपवावे. दोन आज्ञा एका ओळीत लिहिता येतात, आणि मी आरटीसीवेकची शिफारस करतो ती याच जोडीच्या स्वरूपात.

पर्याय दोन आहेत. सिस्टिमडीच्या टाइमरमध्ये ‘वेकसिस्टिम’ चालू केले की तोही सस्पेंड झालेले यंत्र उठवतो आणि रोजच्या कामासाठी तो अधिक नीटनेटका आहे. पण काम संपल्यावर यंत्राला पुन्हा झोपवणे त्याच्या कक्षेत येत नाही, ती ओळ आपणच लिहावी लागते. दुसरा पर्याय बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीतल्या, गजराचा. तो वापरताना भारतात एक खाचखळगा सांभाळावा लागतो : लिनक्स सहसा मदरबोर्डचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतो, त्यामुळे सकाळी ६ वाजता उठवायचे असेल तर बायोसमध्ये ००:३० ही वेळ भरावी लागते. आरटीसीवेकला सेकंदांत मुदत दिली की साडेपाच तासांची ही भानगड उरत नाही.

नवा लॅपटॉप असेल तर आधी कर्नलची मेमस्लीप ही फाइल पाहावी; ‘मेम’मध्ये कोणती झोप मिळेल ते तिच्यात दिसते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस-३ अवस्थाच दिलेली नसते. तिथे ‘मेम’ निवडूनही एस-टू-आयडल ही हलकी झोप मिळते आणि बॅटरी किती टिकेल हे प्रत्येक भाग नीट शांत होतो की नाही यावर ठरते. जुन्या बोर्डवर अडचण वेगळी असते. काहींच्या गजरात तारखेची नोंद नसते, त्यामुळे तो २४ तासांपलीकडे लागत नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी झोपवलेल्या यंत्राला सोमवारपर्यंतचा गजर देता येत नाही. गजर लागला आहे की नाही हे ‘शो’ प्रकाराने दिसते आणि नको असलेला ‘डिसेबल’ने काढता येतो. लांबची मुदत द्यायची असेल तर यंत्र सोडून जाण्यापूर्वी ‘शो’ चालवून पाहावे.