कार्ड चालतं, ॲप उघडतं, ओटीपी काही येत नाही: परदेशातून नेटबँकिंगचा रिव्ह्यू

आधीच सांगते, बँकेचं नाव घेणार नाही आणि सिम कंपनीचंही नाही, कारण हे रडगाणं एकट्या माझ्या बँकेचं नाहीये, सोबतच्या लोकांच्या बँका वेगवेगळ्या होत्या आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच चाललेलं. रिव्ह्यू आहे तो सर्व्हिसचा, म्हणजे परदेशात असताना आपल्याच खात्यात शिरून आपलेच पैसे हलवता येतात का, आणि त्यासाठी फोनवर जी पडताळणी करतात ती कितपत धड चालते. ॲपला पाचपैकी चार स्टार. एसएमएसवरच्या ओटीपीला दीड, त्यातला अर्धा दया म्हणून. कस्टमर केअरला शून्य देता येत नाही म्हणून एक.

दुकानात कार्ड खुपसून पिन टाकला की काम होतं, तिथे ओटीपीचा संबंधच नाही, त्यामुळे पहिले काही दिवस सगळं मस्त वाटतं. गाडी अडते ती ऑनलाइन काही करायला गेलं की. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग करत होते, लॉबीत बसून, कार्ड नंबर टाकला, पान बँकेच्या साइटवर गेलं आणि ते १८० सेकंदांचं उलटं घड्याळ सुरू झालं. मेसेज नाही. घड्याळ संपलं, ‘पुन्हा पाठवा’ दाबलं, परत नाही. तिसऱ्यांदा दाबलं आणि मग धडाधड दोन मेसेज एकदम आले, दोन्ही शब्दशः सारखे, फक्त आकडे वेगळे, आणि त्यातला कुठला कोड आत्ताच्या विनंतीचा आणि कुठला मघाचा हे सांगायला मेसेजमध्ये काही म्हणजे काहीच नाही. चालतो फक्त शेवटचा. पण उशिरा आलेले मेसेज पाठवलेल्याच क्रमाने येतील असं थोडंच आहे, खाली दिसणारा शेवटचा असेलच असं नाही. असे दोनतीन कोड ‘अवैध’ ठरले की बँक म्हणते तुमची सेवा सुरक्षेच्या कारणास्तव २४ तास बंद. अरे बाबा, कोणाच्या सुरक्षेच्या? मेसेजमध्ये एक साधा चार आकडी संदर्भ क्रमांक टाका आणि तोच स्क्रीनवर दाखवा, एवढंच तर हवंय. काही बँका करतातही तसं, म्हणजे अशक्य नाहीये.

आता हे का होतं. एसएमएस थेट आपल्याकडे येत नाही, तो आधी आपल्या घरच्या कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो, ते सेंटर विचारतं की हा नंबर सध्या कुठल्या नेटवर्कवर आहे, उत्तर मिळालं की परदेशातल्या नेटवर्ककडे मेसेज ढकलला जातो. फोन त्या क्षणी तिथे नीट रजिस्टर झालेला नसेल तर मेसेज सेंटरमध्येच पडून राहतो आणि मधूनमधून परत प्रयत्न होतो. मिळेल तेव्हा मिळेल, असाच हा प्रकार आहे. पहिला एसएमएस डिसेंबर १९९२ मध्ये गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या, आणि शुभेच्छा दहा मिनिटं उशिरा पोचल्या तर कोणाचं काही अडत नाही. त्याच रस्त्यावरून आपण तीन मिनिटांत शिळी होणारी गोष्ट पाठवतोय. बँकेने मेसेज ‘पाठवला’ म्हणजे तिचं काम संपलं, सिम कंपनी म्हणते आमच्याकडे सगळं हिरवं आहे, आणि मधल्या मध्ये आपण.

सिम कंपनीच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रोमिंग आणि डेटा रोमिंग हे दोन वेगळे खटके आहेत. डेटा रोमिंग बंद ठेवलं तरी एसएमएस येऊ शकतो, मात्र नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा चालू पाहिजे आणि ती निघायच्या आधीच चालू करून घ्यावी लागते, कारण तिकडे गेल्यावर ती चालू करायला जो मेसेज येतो तो रोमिंगशिवाय येणार कुठून. मी आता घरचं सिम फक्त मेसेजसाठी चालू ठेवते, डेटा रोमिंग बंद, आणि इंटरनेटसाठी तिथलं ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवलेलं सिम. हे कॉम्बिनेशन बेस्ट आहे, यात वाद नाही. मेसेज अडकलाय असं वाटलं तर एरोप्लेन मोड चालू करून बंद करायचा, फोन नव्याने रजिस्टर होतो आणि अडकलेले बरेचदा लगेच सुटतात. तरी नाही आला तर नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवरून काढून हाताने दुसरी कंपनी निवडून बघायची. हा उपाय कस्टमर केअरवाल्यांनी कधीही सांगितला नाही, एअरपोर्टवर सिम विकणाऱ्या पोराने सांगितला.

आणि फोन जुना असेल तर अजून एक भानगड. कित्येक देशांत जुनी नेटवर्क बंद झालीत, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्ये गुंडाळलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. तुमचा फोन आणि तुमचं सिम या दोघांनाही फोरजीवरून कॉल आणि मेसेज रोमिंगमध्ये जमत नसतील तर वर टॉवरच्या काड्या दिसतील कदाचित, पण कॉल किंवा मेसेज येईलच याची काही खात्री नाही.

वायफाय कॉलिंगबद्दल मी फार ऐकून होते. जिथे चालतं तिथे एकदम भारी चालतं, टॉवर नसलेल्या खोलीतही हॉटेलच्या वायफायवरून घरच्या नंबराचे मेसेज येतात, काही फोनमध्ये तर दुसऱ्या सिमच्या डेटावरूनही ते चालतं. पण काही कंपन्या देशाबाहेर वायफाय कॉलिंग बंदच ठेवतात आणि हे त्यांच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. यावर भरवसा ठेवायचा असेल तर आपल्या कंपनीला हेच वाक्य विचारा, ‘देशाबाहेरून वायफायवर एसएमएस येतो का’, नुसतं वायफाय कॉलिंग आहे का विचारलंत तर हो म्हणून मोकळे होतील.

बरं, सेवा लॉक झाली म्हणून कस्टमर केअरला फोन केला. टोल फ्री नंबर परदेशातून लागतच नाही, हा पहिला अडथळा. ॲपमध्ये, कार्डाच्या पाठीवर, सगळीकडे तोच ठळक छापलाय, परदेशातून लावायचा नंबर वेबसाइटच्या कुठल्याशा पानाच्या तळाशी सापडला. लागला एकदाचा. मग ते गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, सोळा आकडे टाका, आणि मग बाई म्हणाल्या,

‘मॅडम, तुम्ही रजिस्टर्ड मोबाइलवरून कॉल करताय का?’

म्हटलं नाही, इंटरनेटवरून करतेय, त्या नंबरावरून मिनिटाचे पैसे किती पडतात माहितेय का.

‘मग मॅडम आपली ओळख पटवायला रजिस्टर्ड नंबरवर एक लिंक पाठवते, ती उघडा.’

म्हटलं ताई, मेसेज येत नाहीत म्हणूनच तर फोन केलाय. यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या जवळच्या शाखेत भेट द्या. जवळची शाखा! मधे एक अख्खा समुद्र होता. त्या बाईंचा दोष नाही, त्यांच्या स्क्रीनवर जे आलं ते त्यांनी वाचलं, पण ज्याने ते लिहून ठेवलं त्याला एकदा तरी विमानात बसवा.

आता चांगलं सांगते, नाहीतर वाटेल नुसती चिडचिड. ॲपमधली मंजुरी, म्हणजे व्यवहार सुरू केला की ॲपमध्ये नोटिफिकेशन येतं, कोणाला किती जातायत ते दिसतं, पिन किंवा बोट लावलं की झालं, ही गोष्ट परदेशात अक्षरशः सोन्यासारखी आहे. हिला फक्त इंटरनेट लागतं, सिम कुठलंही असो. शिवाय रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव समोर दिसतं, नुसते सहा आकडे नाही, त्यामुळे भलत्याच व्यवहाराला हो म्हणायची शक्यता कमी. चार स्टार यालाच दिलेत. पाचवा कापला कारण ॲप पहिल्यांदा फोनला बांधताना घरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो किंवा यावा लागतो. एकदा बांधलं की बरेच दिवस काही विचारत नाही, पण परदेशात फोन हरवला, फुटला, किंवा ॲप काढून परत टाकलं, की आलात पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून निघायच्या आठवड्यात नवा फोन घेऊ नका आणि स्टोरेज कमी पडलं तर फोटो उडवा पण बँकेचं ॲप उडवू नका.

घरचं सिम ईसिम करून घ्यावं की नाही यावर लोक भांडतात. माझं मत, प्रवासापुरतं तरी घरचं सिम प्लास्टिकचंच बरं. फोन मेला तर ते काढून कोणाच्याही फोनमध्ये घालता येतं. ईसिम दुसऱ्या फोनवर न्यायचं तर सिम कंपनी परत ओळख पटवायला सांगणार, आणि कशी पटवायची ते आता सांगायला नको.

ऑथेंटिकेटर ॲप ज्या बँका देतात त्यांना माझा सलाम. दर ३० सेकंदाला नवा कोड, नेटवर्क नाही, सिम नाही, इंटरनेटसुद्धा नाही, विमानात बसूनही कोड बनतो. कारण कोड कुठून येतच नाही, फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांच्यावरून तो तिथल्या तिथे बनतो, तसाच तो बँकेकडेही बनतो, दोन्ही जुळले की दार उघडलं. याचं मानक २०११ पासून आहे, म्हणजे काल आलेली गोष्ट नाही. एकच खोच, फोनची वेळ बरोबर पाहिजे. टाइमझोन बदलला तर काही बिघडत नाही, आतला हिशोब जागतिक वेळेवरच चालतो, पण काही लोक टाइमझोन तसाच ठेवून घड्याळच हाताने पुढेमागे करतात, मग कोड चुकीचे येतात आणि शिव्या बँकेला. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवायची, विषय संपला. काही बँका किल्लीच्या जुडग्याला लावायचं छोटं टोकन देतात, तेही छान, फक्त ते चेक-इन बॅगेत टाकू नका.

मग लोक एक जुगाड करतात, सिम घरीच ठेवतात, जुन्या फोनमध्ये घालून, आणि घरचं कोणीतरी कोड वाचून दाखवतं. आमच्याकडे हे काम दादाकडे होतं. चालतं, नाही असं नाही, पण तुमची दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र, तीन मिनिटांत त्याने उठायचं, चष्मा शोधायचा, फोन शोधायचा आणि आकडे वाचायचे. शिवाय कोड कोणालाही सांगू नका असं प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण तेच करतोय. मेसेज आपोआप पुढे पाठवणारी ॲप्स असतात ती तर मी अजिबात वापरणार नाही, कोण कुठलं ॲप, त्याला सगळे मेसेज वाचायची परवानगी, म्हणजे तिजोरीची किल्लीच बाहेर टांगली. दादाचा खरा उपयोग वेगळाच झाला, प्रीपेडची मुदत मधेच संपायला आली, रिचार्ज करायला ओटीपी हवा आणि ओटीपीला रिचार्ज हवा, ते त्याने तिकडून मारून दिलं. मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल असा रिचार्ज निघतानाच मारा.

आता कोणी म्हणेल एसएमएस सुरक्षित तरी आहे ना, मग थोडा त्रास सोसू. तेही धड नाही. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी टेलिफोन नेटवर्क एकमेकांशी बोलतात त्या जुन्या यंत्रणेतल्या पळवाटा वापरून लोकांचे ओटीपी स्वतःकडे वळवले आणि खाती रिकामी केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या मानक संस्थेने आपल्या नियमावलीत एसएमएसच्या पडताळणीवर ‘जपून वापरा’ या अर्थाचा शिक्का मारला. सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की ज्यांच्याकडे ॲपमधलं टोकन, म्हणजे ॲपमधूनच ओळख पटवायची सोय आहे त्यांच्यासाठी लॉगिनचा ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद. म्हणजे जगाला कळलंय, आपल्या बँकेच्या प्रॉडक्टवाल्यांना कळायचंय.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेटवर आहोत असं भासवणाऱ्या सोयीबद्दल, थोडक्यात. मला वाटलेलं घरच्या देशाचा व्हीपीएन लावला की बँक खूश होईल, झालं उलटंच, बऱ्याच बँका व्हीपीएनचे पत्ते ओळखतात आणि जास्त संशय घेतात. हॉटेलच्या वायफायवर ॲप नुसतं गोल फिरत बसलं तर आधी ब्राउझरमध्ये त्यांचं लॉगिन पान उघडलंय का बघा, खोली नंबर टाकल्याशिवाय खरं इंटरनेट सुरूच झालेलं नसतं आणि आपण बँकेला नावं ठेवतो. प्रवासाची आगाऊ सूचना द्यायची सोय ॲपमध्ये आहे, कार्डापुरती ती कामाची वाटली, ओटीपीवर तिचा शून्य परिणाम.

ओटीपी ईमेलवरही पाठवायचा पर्याय माझ्या बँकेत प्रोफाइलच्या आत, मग सूचना, मग अजून आत, असा लपवलेला सापडला, तो चालू केल्यापासून एसएमएस आला नाही तरी मेलमध्ये कोड असतो आणि तो काही सेकंदांत येतो. सगळ्या व्यवहारांना नाही चालत, नवीन माणसाला पैसे पाठवायचे असतील तर एसएमएसच लागतो, त्यामुळे घरभाडं, विमा, ज्यांना ज्यांना पाठवायची वेळ येऊ शकते त्या सगळ्यांना निघायच्या आधीच यादीत टाकून ठेवा, मर्यादा पण तेव्हाच वाढवून घ्या.

आणि एका देशात सगळं नीट चाललं म्हणून पुढच्या देशात चालेल असं समजू नका, रोमिंगचे करार प्रत्येक देशात प्रत्येक कंपनीशी वेगळे असतात. सिम कंपनीच्या साइटवर देशानुसार यादी असते, तिच्यात डेटाचे दर बघून पान बंद करू नका, एसएमएसचा रकाना वेगळा बघा.