खोटा हल्ला, अस्सल घाम: चार तारे

डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर मिग-२९के कानठळ्या बसवून गेली, तेव्हापासून मालवणात लोक मला विचारतात, "काका, ही विमानं एरवी काय करतात?" बरीच कामं करतात. त्यातलं एक म्हणजे आपल्याच जहाजांवर लुटुपुटूचा हल्ला करणं. जहाजाच्या ऑप्स रूममध्ये, म्हणजे जिथून लढाई चालवतात त्या खोलीत, रडारच्या स्कोपसमोर (पडद्यासमोर) नोकरी काढल्यामुळे या सेवेचा मी जुना गिऱ्हाईक, म्हणून हा अभिप्राय.

जेट पाण्याला घासत सुसाट येतं आणि ते क्षेपणास्त्र आहे असं धरून चालायचं. "एअर कॉन्टॅक्ट, क्लोजिंग फास्ट!" (हवेतून काहीतरी झपाट्याने जवळ येतंय) असं ओरडायचं, ओळख पटवायची, शस्त्र रोखायचं, फक्त डागायचं नाही. १९८२ मध्ये ब्रिटिशांच्या 'शेफिल्ड' या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, २० माणसं गेली. तालीम हवी ती अशासाठी.

या सेवेत सगळ्यात आवडतो तो पायलटचा खोडसाळपणा. सिम्युलेटरवर चार वेळा बसलं की पुढचा हल्ला कुठून येणार ते कळतं. पायलटचं तसं नाही. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, ट्रॉलर सुटले, की स्कोपवर नुसते ठिपके. त्या गर्दीतून एक जेट मुद्दाम दिसेलसं येतं आणि सगळे तिकडे बघत असताना दुसरं भलत्याच दिशेने. मेल्यान फसवल्यान! एसीतही घाम फुटतो. ब्रिटिशांनी या कामाला फाल्कन-२० ही बिझनेस जेटं कंत्राटावर घेतली, रडार आंधळं करणारे जॅमर लावून. शेटजींच्या विमानाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

एक तारा का कापला? पृथ्वी गोल आहे म्हणून. रडारची नजर सरळ, क्षितिजाखाली दडलेलं त्याला दिसत नाही; जितकं खालून येईल तितकं उशिरा दिसतं. पंचवीस मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यावरून पाच मीटरवर येणारं क्षेपणास्त्र साधारण ३० किलोमीटरवर दिसतं. ताशी हजारेक किलोमीटरने आलं तर हातात पावणेदोन मिनिटं. जेट मात्र तीस मीटरवर उडत असेल तर ४३ किलोमीटरवरच सापडतं, शिवाय आकाराने मोठं. म्हणजे पाऊण मिनिट फुकटात. बरं, ब्रह्मोससारख्या ध्वनीच्या २.८ पट वेगाची नक्कल पाण्यालगत कुठलंच जेट करू शकत नाही. आणि खरोखर डागून बघायचं तर 'लक्ष्य'सारखं बिनपायलटचं विमान लागतं. ते पडलं तरी घरी कोणी वाट बघत नसतं.