क्विटोचे स्पॅनिश वर्ग: फी कुठे वसूल होते, कुठे वाया जाते

इक्वेडोरची राजधानी क्विटो इथल्या स्पॅनिश शाळा थोड्याफार फरकानं एकच पॅकेज देतात: आठवड्याला 20 तास, एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, राहायला स्थानिक कुटुंबात खोली आणि तिथंच नाश्ता व रात्रीचं जेवण. तासाचा दर शाळेनुसार बदलतो, साधारण दहा डॉलरच्या आगेमागे. एवढ्या पैशात शिक्षकाचं सगळं लक्ष रोज चार तास आपल्याकडे, हा सौदा चांगलाच आहे. सोलापुरातून जाणाऱ्यानं तो जरूर करावा, फक्त दोन बदल करून: पहिला आठवडा निम्म्या तासांचा घ्यायचा आणि भाषेची बाराखडी घरीच उरकून निघायचं.

आधी उंचीचं बघू. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटरवर, क्विटो 2,850 मीटरवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथंही 21 टक्केच, पण दाब कमी असल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन सोलापूरच्या मानानं पाऊणपट भरतो. डोकं दुखतं, मळमळतं, जिना चढताना धाप लागते. शिकणाऱ्याला सगळ्यात महागात पडते ती तुटक झोप. झोपेत श्वासाची लय बिघडते आणि माणूस मध्येच दचकून उठतो. त्रास बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो आणि बहुतेकांचा एक-तीन दिवसांत ओसरतो. त्यात घड्याळ साडेदहा तास मागं गेलेलं. तिथला सकाळी साडेआठचा वर्ग म्हणजे शरीराच्या हिशेबानं संध्याकाळचे सात, आणि वर्ग सुटतो तेव्हा रात्रीचे अकरा. अशा अवस्थेत शेवटच्या दोन तासांत घोटलेली क्रियापदांची रूपं दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. पैसे मात्र चारही तासांचे गेलेले असतात.

म्हणून शुक्रवारी पोचा, सोमवारपासून रोज दोनच तास घ्या आणि उरलेले दहा तास पुढच्या आठवड्यांत वाटून मागा. आठवडा सुरू झाल्यावर पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. आजारपणात तास पुढं ढकलता येतील का, हे ईमेलवर लेखी घ्या. पहिले दोन-तीन दिवस हलकं जेवण, भरपूर पाणी, दारू अजिबात नको. उंचीचा त्रास कमी करणाऱ्या डायमॉक्सच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ती साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं कारण नाही, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर वर्ग-बिर्ग विसरून दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं. पेरूतलं कुस्को 3,400 मीटरवर आणि बोलिव्हियातलं ला पाझ 3,600 मीटरवर आहे. शिकण्याची सुरुवात तिथून करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता शिकवण्याबद्दल. डोंगराळ भागातली ही बोली नवशिक्या कानाला सोयीची आहे. शब्दाच्या शेवटचा 'स' स्वच्छ ऐकू येतो. किनाऱ्यावरच्या ग्वायाकिलमध्ये तो बराचसा गिळला जातो.

मराठी माणसाला इथं एक मोठा फायदा असतो आणि तो शाळेला ठाऊक नसतो. पाठ्यपुस्तकं बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांचा विचार करून रचलेली असतात. 'मे गुस्ता एल काफे' ही रचना इंग्रजीवाल्यांना पटवायला बराच वेळ जातो. आपल्याला ती 'मला कॉफी आवडते' इतकी सरळ आहे. 'फुई' आणि 'इबा' यांतला फरक म्हणजे 'गेलो' आणि 'जायचो'. त, द, प, क हे उच्चारही मराठी जिभेवर तयारच असतात. अडतं ते दुसरीकडे. 'सेर' आणि 'एस्तार' दोन्हींना आपण 'आहे'च म्हणतो, त्यामुळे 'मी दमलोय' म्हणताना 'एस्तोय कान्सादो'च्या जागी 'सोय कान्सादो' निघतं. थंडी वाजली की 'सोय फ्रिओ' म्हटलं जातं, हवं असतं 'तेंगो फ्रिओ'. स्पॅनिशमध्ये 'ब' आणि 'व' यांच्या अक्षरांचा उच्चार एकच असतो, आपण मात्र लिहिलेलं बघून 'व' म्हणत राहतो. पहिल्याच दिवशी शिक्षकाला सांगा: आवडीनिवडीचा धडा भराभर संपवा, 'सेर-एस्तार'ला दुप्पट वेळ द्या. एकास-एक वर्गाचे पैसे वसूल होतात ते इथं.

चांगला शिक्षक ओळखायची खूण म्हणजे कागद. तुम्ही बोलत असताना तो चुका एका बाजूला लिहीत जातो आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्याच कागदावरून करतो. चार तास नुसत्या गप्पा झाल्या तर छान वाटतं, पण तेवढ्यानं पातळी वाढत नाही. तीन दिवसांत कागद दिसला नाही तर शिक्षक बदलून मागा, त्यात कुणाचा अपमान नाही. वर्ग स्वतंत्र खोलीत आहे का, हेही विचारा. एका दालनात पाच-सहा जोड्या बसवल्या की ऐकण्याचा सराव बुडतो.

बऱ्याच शाळा ऑनलाइनही शिकवतात. सोलापुरात संध्याकाळी सात वाजता तिकडे सकाळचे साडेआठ असतात, म्हणजे कामधंदा सांभाळून जमतं. अंक, वर्तमानकाळ, रोजचे प्रश्न एवढं इथूनच करा. विमानाचं तिकीट काढून तिथं जाऊन अंक पाठ करत बसणं परवडणारं नाही.

भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. चलन अमेरिकन डॉलर आहे आणि 50-100 च्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत, सुटे न्या. जानेवारी 2024 मध्ये तिथं आणीबाणी जाहीर झाली होती, सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. शाळेपासून दिवसाउजेडी चालत जाता येईल असंच घर मागा आणि रात्री ॲपवरची टॅक्सी घ्या.

घराबद्दल दोन अटी घाला. एक, त्या घरात दुसरा परदेशी विद्यार्थी नको. सोलापूरच्या पूर्व भागात मुलांच्या कानावर तेलुगू आपोआप पडते तशी तिथं स्पॅनिश पडेल असं वाटतं, पण घरात दुसरा परदेशी असला की जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच सुरू होतं. दुसरी अट जेवणाची. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढं सांगून भागत नाही, कोंबडी आणि हॅम ताटात येतंच. 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि काल्दो दे पोयो' (मी मांस, कोंबडी, मासे, कोंबडीचं पाणी काहीच खात नाही) असं पूर्ण सांगा, कारण बटाट्याचं साधं सूपही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. बटाटा, चीज आणि ॲव्होकाडोचं लोक्रो सूप, मक्याची कणसं, यापिंगाचो नावाच्या बटाट्याच्या टिक्क्या यांवर शाकाहारी माणसाचं चांगलं निभतं. डाळ करायची असेल तर घरात प्रेशर कुकर आहे का ते आधी विचारा. पाणी तिथं साधारण 90-91 अंशांलाच उकळतं, उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेणार असाल तर घट्ट सीलबंद न्या आणि उतरल्यावर कस्टम्समध्ये खाद्यपदार्थ असल्याचं सांगा.